बेथायाची साक्ष

कोल्ह्याच्या शेपटीचा गोंडा गालावरून फिरला तेव्हा थँकफुल डॉगेट जागीच होती. डोळे मिटलेले होते, इतकंच. मिटल्या डोळ्यांनी ती आपल्या मुलीची साक्ष मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघत होती, आणि बेथायानं जिथं थांबून खाली बघायचं होतं नेमक्या त्याच जागी तो केसाळ, ओलसर, कुबट वासाचा गोंडा तिच्या गालाला लागला, नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि मागे गेला. तिनं डोळे उघडले. बाकांमधल्या वाटेत एनॉस टिल्डन उभा होता. प्रार्थनेच्या सभागृहाचा जागल्या, उपदेशात डुलक्या घेणाऱ्यांना उठवणारा. हातात ती लांब काठी, एका टोकाला लाकडाची गाठ, पुरुषांच्या टाळक्यासाठी, आणि दुसऱ्या टोकाला शेपूट, बायकांसाठी. "बाई, डोळे," तो कुजबुजला. बाई म्हणाला, कारण त्याला अक्षरओळख तिनंच करून दिली होती, तिच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या बाकड्यावर. तेव्हा तो पाटीवरची, शिंगाच्या पारदर्शक पापुद्र्याखालची अक्षरं जिभेनं चाटायचा. आता त्याच्या हाताला काठी आली होती आणि चेहऱ्यावर, काठीबरोबर फुकट मिळाल्यासारखं, एक गांभीर्य. पुढच्या बाकावरच्या दोन बाया वळून बघून पुन्हा सरळ झाल्या. इतक्या वर्षांत थँकफुलला शेपूट लागलं नव्हतं. साऱ्या बोस्टनमध्ये पाठ ताठ ठेवून उपदेश ऐकणारी बाई म्हणून तिच्याकडे बोट दाखवत. गालावर ओल राहिली होती ती तिनं पुसली नाही. पुसलं तर झोप कबूल केल्यासारखं झालं असतं.

वर व्यासपीठावर उपदेशक लॅम्सन यांनी वाळूचं घड्याळ दुसऱ्यांदा उलटं केलं आणि मानवी हृदयाच्या घाणीकडे वळले. त्या विषयावर ते कधीच थकत नसत. त्यांच्या तोंडातून शब्दांबरोबर वाफ बाहेर पडत होती, आणि थँकफुलला, ऐकायचं सोडून, ती वाफच दिसत राहिली. मोठ्या शब्दाला मोठी वाफ, 'नरक' म्हटलं की चांगली फूटभर. सभागृहात चूल नव्हती, कधी नव्हतीच. देवाच्या घरात ऊब मागणं म्हणजे देहाचे लाड. मात्र बायका पायाखाली निखाऱ्यांची पेटी घेऊन येत आणि झग्याखाली लपवत. देवाला झग्याखालचं दिसत नाही अशी सगळ्यांची समजूत असावी. ओल्या लोकरीचा, खारवलेल्या माशाचा आणि बायकांनी दाढेखाली धरलेल्या लवंगेचा वास एकत्र होऊन छताखाली लोंबत होता. तिनं समोरच्या डोक्यांवरून नजर फिरवली. ह्यातल्या निम्म्या लोकांची नाकं तिनं पुसली होती. डीकन पूल, जो आता प्रभुभोजनाची भाकर फिरवतो, तो सहा वर्षांचा होईपर्यंत बाकड्यावर ओलं करायचा. मुलं तिला आवडत. मुलांवर तिचा खरोखर जीव होता. त्यांची बोटं धरून विणायच्या सुईनं एकेक अक्षर दाखवताना तिला जे वाटे ते देवाच्या ह्या घरात कधी वाटलं नव्हतं. पोर चटकन सांगून टाकतं, बाई, मला कंटाळा आला. बाई, मला भूक लागली. ह्याच पोराला वीस वर्षं द्या, की ते उभं राहून सांगतं, माझ्या हृदयाची भूमी कोरडी पडली होती. हे मधल्या काळात कोण शिकवतं त्यांना? ती स्वतःशी हसली, म्हणजे ओठाचा एक कोपरा किंचित हलला. तिनंच शिकवलेलं होतं. पहिल्या अक्षराला पाप आणि शेवटच्या अक्षराला मरण, आणि मधे जे काय उरेल त्यात आज्ञापालन.

आज बेथायाला मंडळीत घेतलं नाही तर तिच्या बाळाचा बाप्तिस्मा होणार नाही. एवढी एकच गोष्ट त्या सगळ्या वाफेत आणि वासात टणक होती. शहरातल्या दुसऱ्या मंडळ्यांनी नियम सैल केला होता, आईबापांचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असला आणि वागणूक बरी असली की पोराला पाणी मिळे. पण ही मंडळी जुन्या वळणाची. इथं आईनं किंवा बापानं सर्वांसमोर उभं राहून, आपल्या आत्म्यावर कृपा कशी उतरली ते सांगायचं, आणि मंडळीनं ते ऐकून, पारखून, हात वर करायचे. ओबेद, बेथायाचा नवरा, कॉड माशांच्या मागे न्यूफाउंडलंडकडे गेलेला. तो असता तरी काय सांगणार होता? त्याच्या आत्म्यावर आजवर फक्त रम उतरली होती. आजच्यानंतर साक्षी ऐकणार त्या थेट वसंतात, बर्फ गेल्यावर. आणि बाळ वसंत बघणार नव्हतं. ते कोणी बोलत नव्हतं, पण त्याच्या छातीत जी शिट्टी वाजे ती आता रात्रंदिवस वाजत होती. बायकांच्या मागच्या बाकावर, बेथायाच्या मांडीवर, तीन शालींच्या आत ती शिट्टी ह्या क्षणीही चालू होती, आणि उपदेशक दम घ्यायला थांबले की थँकफुलला ती ऐकू येई.

पाण्यानं काही होत नाही. हे तिला पाठ होतं, पोरांकडूनही तिनं ते पाठ करून घेतलं होतं. जग घडवण्याच्या आधीच देवानं निवडून ठेवले आहेत, कोण वर आणि कोण खाली, आणि वाटीभर पाण्यानं त्याचा निर्णय फिरत नाही. हे सगळं ठाऊक असूनही ह्या वाटीभर पाण्यासाठी बायका आपल्या आत्म्याची आतडी लोकांपुढे काढून दाखवत. तिला ह्याची कीव येई, आणि कीव जुनी झाली की तिचा तिटकारा होतो तसा झाला होता. पण मंगळवारी, बाळाचे ओठ निळे पडले तेव्हा, आधी काय आलं तिच्या मनात? चुलीवरचं गरम पाणी नाही. छातीला चोळायचं हंसाच्या चरबीचं तेल नाही. आधी मनात आलं, ह्याच्या कपाळाला पाणी लागलेलं नाही. तिनं स्वतःला तिथल्या तिथं फटकारलं होतं. मूर्ख म्हातारी.

फिच आठवला तिला. गॅमालिएल फिच, पिंपं बनवणारा, गोल, लाल गालांचा, हसरा माणूस. तो साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, "मला लहानपणापासून बरंच वाटतं. देव माझ्यावर रागावलाय असं कधी वाटलं नाही. सकाळी लाकूड तासायला घेतो तेव्हा तर फारच बरं वाटतं." आणि बसला. सगळे खाली बघू लागले. मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, नेहेमाया हूड यांनी घसा साफ करून विचारलं, "आणि शंका, बंधू फिच? निराशा?" "नाही बुवा," फिच म्हणाला, जसं कोणी तंबाखू विचारावी आणि आपल्याकडे नसावी. त्याला घेतलं नाही. पुढल्या वर्षी या, म्हणाले. ह्या मंडळीचा सगळा गमतीशीरपणा त्यात होता. ज्याला खात्री आहे तो सैतानाच्या फसवणुकीत सापडलेला, आणि ज्याला खात्री नाही त्याच्यावर कृपेची चिन्हं दिसू लागलेली. अशाच खात्रीपायी एका बाईला वसाहतीबाहेर घालवून दिलं होतं, थँकफुल तरुण होती तेव्हा. फिचची बायको आणि दोन मुली देवीच्या रोगानं गेल्या. मग तो आला, हाडांचा सापळा होऊन, आणि दोन वाक्यंही नीट बोलू शकला नाही. त्याला टाळी वाजवल्यासारखे भराभर हात वर करून घेतलं. बायका घरी जाताना म्हणत होत्या, बघा, देवानं कसं मऊ केलं त्याला. त्यानंतर फिच कधी हसताना दिसला नाही. पिंपं मात्र तशीच चांगली बनवायचा.

ह्या वसाहतीत दुसरी गोष्टच नव्हती. नाटक नाही, नाचगाणं नाही, नाताळ पाळला तर दंड. एकच गोष्ट, ती सगळ्यांनी सांगायची. लहानपणी शब्बाथ, देवासाठी राखलेला रविवार, मोडला. मग आजारपण आलं किंवा होडी उलटली, तो देवाचा हात. मग एका उपदेशातलं एक वाक्य काळजात घुसलं. मग खोटं समाधान. मग खरी निराशा, खोल, आत्महत्येच्या काठापर्यंत नेणारी, पण काठावरून परत. मग कुठूनतरी बारीकसा उजेड. आणि शेवट म्हणजे शेवट नाहीच, अजूनही मला शंका आहे, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा. तिथल्या मूळच्या इंडियनांनी पळवून नेलेल्या आणि पैसे मोजून सोडवून आणलेल्या बायका हीच गोष्ट सांगत. त्यांच्या गोष्टीत जंगल होतं, बर्फात उकडून खाल्लेला घोड्याचा खूर होता, तरी वळणं हीच. गलबत फुटून वाचलेले खलाशी हीच सांगत. फाशी जाणारा चोर शिडीवर उभा राहून हीच सांगे, आणि आठवड्याच्या आत ती छापून बाजारात येई, आणि लोक चुलीपाशी बसून मुलांना वाचून दाखवत. ह्या लोकांना दुसऱ्याचं दुःख ऐकायची केवढी हौस, फक्त ते ओळखीच्या वाटेनं यायला हवं. थँकफुलला ती वाट पाठ होती. शेजारच्या बायका सूत कातायच्या निमित्तानं तिच्या स्वयंपाकघरात येत आणि, तिथल्या रीतीनं बाईमाणसाला 'गुडी' म्हणत, चाचरत विचारत, "गुडी डॉगेट, माझी निराशा जरा आधी येतेय का हो?" आणि ती, चाकावरचा हात न थांबवता, सांगे, "आजारपण आधी घे. निराशा मागाहून. आणि त्या गाईचं सांगू नकोस, लोकांना हसू येईल." तिनं शिकवलेली एकही बाई परत पाठवली गेली नव्हती. ह्याचा तिला अभिमान होता, आणि अभिमान आहे म्हणून स्वतःचीही घृणा येई, आणि घृणा येते ह्याचा पुन्हा थोडा अभिमान.

तिची स्वतःची साक्ष. तेव्हा ती विशीतली, अंगात इंग्लंडहून आणलेला झगा, कोपरांवर ठिगळ लावलेला. जानेवारी होता. भोजनाची भाकर ताटात गोठून वाजत होती. ती उभी राहिली आणि काय बोलायचं ते सगळं विसरली. अगदी कोरी. खिडकीच्या फटीतून येणारा वारा सरळ तिच्या तोंडावर येत होता आणि तिचे डोळे लहानपणापासूनच थंडीत गळत. पाणी गालावरून ओघळायला लागलं आणि हनुवटीवर थांबलं. ती पुसायला हात उचलणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की सभागृह बदललं आहे. चेहरे मऊ झाले होते. एक म्हातारा रडत होता. मंडळीचे त्या वेळचे वडील उठले आणि म्हणाले, "पुरे, मुली. आम्हाला दिसलं." हात वर झाले. तिनं काय दाखवलं होतं? उत्तरेचा वारा. त्या दिवसापासून ह्या लोकांविषयी तिच्या मनात जे काही आदराचं होतं ते संपलं, आणि त्या दिवसापासून ती त्यांच्यात मोडू लागली. दोन्ही एकाच क्षणी झालं होतं.

आज दुपारच्या सुट्टीत, दोन उपदेशांच्या मधे, बायका गुडी पिमच्या घरी थंड घेवड्याचं भांडं उघडून बसल्या होत्या. गुडी पिम थँकफुलची शेजारीण, ढोपरं दुखणारी, तोंड न दुखणारी. "काय गं बेथाया," मक्याची भाकर मोडत ती म्हणाली, "पाठ झालंय का सगळं? तुझ्या आईनं शिकवलंय म्हणजे आम्हाला रुमाल आणायला हवेत." बाया हसल्या. बेथाया हसली नाही. ती बाळाच्या पाठीवर हात ठेवून शिट्टी मोजल्यासारखी बसली होती. "माझ्या वेळेला मी दोनदा रडले," दुसरी कोणी म्हणाली, "एकदा ठरवून आणि एकदा आपोआप." "ठरवून रडलेलं लगेच ओळखू येतं." "काय बोलतेस! तुझं तर सगळंच ठरवून होतं गं, मी मागेच बसले होते." त्यांच्यात हे असं चालायचं, आणि थोड्या वेळानं घंटा झाली की ह्याच बाया तोंडं लांब करून रांगेत सभागृहात शिरायच्या, आणि खरोखर थरथरायच्या. ढोंग असतं तर थँकफुलला एवढी चीड आली नसती. ढोंग नव्हतं. भांडं उघडताना त्या खऱ्या होत्या आणि थरथरतानाही खऱ्याच. तिला ह्याचं उत्तर कधी सापडलं नव्हतं, म्हणून तिनं त्यांना मूर्ख ठरवून टाकलं होतं.

"आई," बाहेर पडताना बेथाया म्हणाली होती, "ती निराशा मला नाही जमत. तोंडात लोकर भरल्यासारखं होतं."

"जमायला काय त्यात? बाळाच्या आजारपणात जे वाटलं ते सांग."

"ते?"

"ते नाही. ते कुठं बोलायचं नाही. मी सांगितलंय तेवढंच."

'ते' मंगळवारच्या रात्रीनंतरचं होतं. पहाटे चूल पेटवताना बेथाया स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली, डोकं आईच्या गुडघ्याला टेकलं आणि म्हणाली होती, "रात्री मला एकदा वाटलं, मरू दे. एकदाच. म्हटलं, सुटेल तो, आणि मला झोप तरी मिळेल. आई, मी त्याचं मरण मागितलं." आणि थँकफुलनं तिच्या केसांतून हात फिरवत, लहानपणी उवा बघायची तसा, म्हटलं होतं, "सगळ्यांना वाटतं, पोरी. मला तुझ्या वेळेला वाटलं होतं. सगळ्यांना वाटतं. चल, ऊठ, दूध तापव." त्या स्वयंपाकघरात त्या क्षणी ती आयुष्यात कधी नव्हे इतकी खरं बोलली होती. पोरांना अक्षर दाखवताना वाटे तसं वाटलं होतं.

उपदेश संपला. उपदेशकांनी रुमालानं कपाळ पुसलं, एवढ्या थंडीत. नेहेमाया हूड उठले, त्यांचे गुडघे वाजले, आणि ते म्हणाले, "बेथाया, ओबेदची बायको, पुढे ये." बेथायानं बाळ गुडी पिमच्या हातात दिलं आणि वाटेतून चालत गेली. व्यासपीठाखालच्या टेबलावर पाण्याची कथलाची वाटी ठेवली होती आणि पाण्यावर बर्फाची साय धरली होती. ती त्या वाटीशेजारी उभी राहिली आणि सुरुवात चांगली झाली. लहानपणी शब्बाथच्या दिवशी खाडीवर बोरं तोडायला गेले. बरोबर. ताप आला, वाटलं हा देवाचा हात. बरोबर. उपदेश, वाक्य, काळीज. थँकफुलच्या ओठांची बारीक हालचाल होत होती. आता थांब, खाली बघ. बेथाया थांबली. पण खाली बघितलं नाही. वर, त्या फटीच्या खिडकीकडे बघितलं.

"त्याच्यानंतर," ती म्हणाली, "निराशा यायला हवी. माझ्याकडे ती नाही. म्हणजे दुःख आहे, पण देवाबद्दल नाही. माझा मुलगा झाला, त्यानं पहिल्यांदा दूध ओढलं, तेव्हा सकाळ होती, भिंतीवर ऊन होतं, आणि मी म्हटलं, देवा, तू आहेस आणि तू चांगला आहेस. मला तेव्हा कळलं. अजूनही तसंच वाटतं. तो शिट्टी वाजवतो तेव्हाही." मग थोडं थांबून, जणू हिशेबात राहिलेलं काही द्यावं तशी, "एवढंच आहे माझ्याकडे."

कोणी खोकललं. थँकफुलला, आश्चर्य म्हणजे, आधी कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत ह्या भिंतींनी ऐकलेली ही पहिली नवी गोष्ट होती, आणि ती तिच्या पोटची पोर सांगत होती. दुसऱ्याच क्षणी तिला चेहरे दिसले. तिला ते चेहरे वाचता येत, शिंगाखालच्या अक्षरांसारखे. बंद होत चालले होते. डीकन पूल आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

"आणि शंका?" हूड म्हणाले.

"नाही," बेथाया म्हणाली.

"पापाचं ओझं, बेटा? काहीच?"

"आहे. पण त्या सकाळी नव्हतं."

"खात्री आहे म्हणतेस."

"हो."

हूड वाईट माणूस नव्हते, हेच वाईट होतं. त्यांचा आवाज खरोखर दुःखी झाला. "मंडळीपैकी कोणाला काही म्हणायचंय?" त्यांनी विचारलं, आणि ती शांतता सुरू झाली जिच्या शेवटी, फिचला म्हणाले तसं, पुढल्या खेपेला या म्हणतात. त्या शांततेत गुडी पिमच्या मांडीवरची शिट्टी सगळ्या सभागृहाला ऐकू आली. वर गेली, अडली, पुन्हा वर गेली. थँकफुलला त्या वाटीतली बर्फाची साय दिसत होती. मूर्ख आहेत. सगळे मूर्ख आहेत, लाकडाची डोकी, त्यांना गोष्टीत एक खड्डा लागतो, खड्डा दिसला नाही की त्यांना रस्ताच दिसत नाही. खड्डाच हवाय ना तुम्हाला? तिच्या पायाखालची निखाऱ्यांची पेटी आपटली तेव्हा तिला कळलं की ती उभी राहिली आहे.

"वडील हूड. परवानगी असेल तर."

साक्षीखेरीज बाई उभी राहून बोलते असं तिथं सहसा होत नसे. हूडांनी उपदेशकांकडे बघितलं, उपदेशकांनी मान हलवली.

"ती खोटं सांगत नाहीये," थँकफुल म्हणाली. तिचा आवाज वर्गात असे तसा होता, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पण झाकतेय. अहंकार आहे तिच्यात. पापाचं ओझं नाही म्हणते. हिनं आपल्या पोटच्या लेकराचं मरण मागितलंय. मंगळवारी रात्री. आपल्याला झोप मिळावी म्हणून. माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून सांगितलं तिनं."

बेथायानं वळून तिच्याकडे बघितलं. ते बघणं थँकफुलला ओळखीचं होतं, पण मोठ्या माणसाच्या तोंडावर तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. पोराला जवळ बोलवावं आणि त्यानं विश्वासानं यावं आणि मग छडी काढावी, तेव्हा पोर असं बघतं. तिनं कधी छडी तशी काढली नव्हती. त्यासाठीच ती प्रसिद्ध होती. बेथायाचं तोंड उघडलं. ती टेबलाची कड धरून खाली बसली, वाटी हलली, आणि ती रडू लागली, ठरवून नाही आणि आपोआपही नाही, उलटी होते तसं, सगळं अंग घेऊन. "आई," ती म्हणत होती, "आई." उपदेशक लॅम्सन पुढे वाकले होते. त्यांनी ह्या 'आई'चा काय अर्थ घेतला कोण जाणे.

आणि सभागृह मऊ झालं. थँकफुलनं ते होताना पाहिलं, पूर्वी पाहिलं होतं तसंच. चेहऱ्यामागून चेहरा उघडत गेला. बाया दाढेखालची लवंग विसरून रडू लागल्या. डीकन पूलचा खालचा ओठ लहानपणी ओलं केल्यावर थरथरे तसा थरथरत होता. हूड खाली वाकले, बेथायाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या दाढीतून पाणी टपकत होतं. "बघा," ते म्हणाले, "दगड फुटला. खोटी खात्री गेली. आम्हाला दिसलं, मुली, आम्हाला दिसलं." हात वर झाले. पुरुषांच्या बाजूचे, बायकांच्या बाजूचे, एकही खाली राहिला नाही. थँकफुलचाही वर होता. तो तिनं कधी उचलला ते तिला आठवेना.

पाणी द्यायला मग उशीर केला नाही. उपदेशकांनी बोटाच्या पेरानं बर्फाची साय फोडली, तिचा बारीक कडकन आवाज झाला, आणि बाळाच्या कपाळाला ते पाणी लागलं. नाव एलिशा. बाळ रडलं नाही, त्याच्यापाशी रडण्याइतका दम नव्हता. त्यानं फक्त डोळे मोठे केले. थँकफुलच्या छातीतून काहीतरी सुटलं, मंगळवारपासून घट्ट धरलेलं, आणि ते इतकं गोड, इतकं उबदार वाटलं की तिला शरम वाटली. लागलं. लागलं पाणी. काही होत नाही पाण्यानं. लागलं.

मंडळीत घेतलेल्या बाईनं मागच्या बाकावर जायचं नसतं. बेथायाची जागा आता ठरली होती, आईच्या शेजारी. ती आली आणि बसली, बाळ दुसऱ्या बाजूच्या मांडीवर घेऊन. दोघींच्या झग्यांमधे हातभर लाकूड उघडं राहिलं. थँकफुलनं वाकून निखाऱ्यांची पेटी हळूच तिच्या पायांकडे सरकवली. बेथायानं पाय मागे घेतले. स्तोत्र सुरू झालं, ओळ कोणीतरी आधी म्हणायची आणि मग सगळ्यांनी, प्रत्येकानं आपापल्या चालीत. त्या गोंधळात, समोर बघत, न रडता, सुजलेल्या तोंडानं बेथाया म्हणाली, "सगळ्यांना वाटतं, म्हणालीस."

थँकफुलनं आपल्या आत हात घातला, नेहमीची ती थंड, टणक, कामाची वस्तू काढायला, जिच्या आधारानं तिनं ह्या बाकावर इतकी वर्षं काढली होती. मूर्ख आहेत, असं म्हणून बघितलं. पण कोण, ते वाक्यात बसेना. मागून गुडी पिमचा हात तिच्या खांद्यावर आला. "केवढी कृपा हो," ती नाक ओढत म्हणाली, "काय काळीज तुमचं, गुडी डॉगेट. मला नसतं जमलं." वाटेतून एनॉस टिल्डन आला. तिच्यापाशी थांबला, तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं काठी खाली केली आणि मान लववली, आणि कोल्ह्याचं शेपूट जमिनीवरून ओढत पुढे गेला. तेव्हा कुठं तिला कळलं की आपले गाल ओले आहेत, दोन्ही, आणि पाणी हनुवटीवर येऊन थांबलंय. तिनं खिडकीकडे बघितलं. फट कुणीतरी लोकर कोंबून बुजवली होती, वारा येत नव्हता.

थंडी आहे, ती स्वतःला म्हणाली. थंडीनंच.